ओळ देणाऱ्याचा खोकला

काहिलीतल्या रसाला पहिला कढ आला, हिरवी मळी फुगून काठापर्यंत चढली, आणि नेमकी तेव्हाच एलिहूला उबळ आली. हातातला लांब दांड्याचा झारा तसाच काहिलीवर धरून तो खोकत राहिला. ना कफ, ना थुंकी. नुसता कोरडा, रिकामा खोकला. तो बरगड्या खिळखिळ्या करून जायचा आणि घशात खाज तेवढी मागे ठेवायचा. इकडे मळी काठावरून चुलाणात सांडली आणि करपल्याचा वास सगळ्या परड्यात पसरला.

"आरं ए, झारा चालीव!" चरकापाशी खेचर हाकणारा टॉल्बर्ट ओरडला. "समद्या घळीची काकवी करपवतोस का काय?"

"तूच ये की हितं," एलिहू कसाबसा म्हणाला. "वाफंत उभं ऱ्हा नि दाव चालवून."

"मी आलो तर खेच्राला कोन हाकल? तुजं खोकनं ऐकून ते बी उलट्या पावली फिराय लागलंय."

बायाबापड्या हसल्या. एलिहूही हसला असता, पण हसलं की खोकला येई, म्हणून हल्ली तो हसणंही जपून वापरायचा.

सॉरवुडच्या घळीत सप्टेंबर सरता सरता एलिहूच्या परड्यात गुऱ्हाळ लागायचं. मका खुडून झालेला असायचा, तंबाखू माळ्यावर वाळत टांगलेला असायचा, आणि जो तो आपापली गोड ज्वारीची धाटं खेचराच्या गाडीवर लादून आणायचा. काकवी आटवावी तर एलिहूनं, असं घळीत सगळे म्हणायचे. रसाला कधी जाळ द्यायचा, कधी ओढायचा, पाक कुठल्या बुडबुड्याला उतरवायचा, हे त्याला डोळे मिटून कळायचं. यंदा मात्र लोक त्याच्या काहिलीपेक्षा त्याच्या छातीकडेच जास्त बघत होते.

चिपाडाच्या ढिगावर पाय पसरून, तोंडात चिलीम धरून बसलेली सरेप्टा आजी म्हणाली, "एलिहू, साकरंवर राकेलचा थेंब टाक नि गिळ. माजा बाप जल्मभर त्येच घ्यायचा."

"मंग त्येचा खोकला ग्येला का, आजी?" टॉल्बर्टनं विचारलं.

"जातोय कशाचा! मरंपातूर व्हता. पन राकेल घेतलं की त्येला बरं वाटायचं."

मग काय, सगळ्यांचीच तोंडं सुटली. कुणी म्हणालं, कांदा निखाऱ्यात भाजून त्याचा रस मधातून घे. कुणी म्हणालं, कुरणातली ती लोकरीसारखी मऊ पानं चिलमीत भरून ओढ. टॉल्बर्टच्या बायकोनं हंसाची चरबी छातीला चोळून वर लाल फलानीन बांधायला सांगितलं. एलिहूनं गळ्याचं बटण काढून आतली फलानीन दाखवली.

"तीन आटवडं झालं बांधून. राकेल झालं, कांदा झाला. ती पानं बी ओढली, त्येनं तर आनिकच खोकलो. त्या कडू पाल्याच्या वड्या चघळून चघळून जिभंची चव ग्येली. आता ऱ्हायलं काय?"

राहिलं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. राहिली होती मिंटीच्या हातची बाटली, आणि मिंटी तर फेब्रुवारीतच गेली होती.

आर्मिंटा तिचं नाव, पण घळ तिला मिंटीच म्हणायची. ती गेली तेव्हा जमीन इतकी गोठलेली होती की खड्डा खणताना टॉल्बर्टच्या टिकावाचा दांडा मोडला. बर्फात डोंगर ओलांडून उपदेशक कुठला येणार? शेजाऱ्यांनी शवपेटी केली, शेजाऱ्यांनीच माती दिली आणि सगळे मुकाट्यानं घरी आले. त्या डोंगरात माणूस मेलं की पुरायचं तेवढं लगेच पुरतात. त्याचा निरोप, गीतं, उपदेश, रडणं हे सगळं वाटा मोकळ्या होईपर्यंत थांबतं. मिंटीची सभा ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी ठरली होती. तीन घळींतून तीन उपदेशक येणार होते. ती सभा होईस्तोवर एलिहूच्या लेखी मिंटी पुरती गेलेलीच नव्हती.

त्यांच्या चर्चमध्ये वाजवायला पेटी नाही, की गायला पुस्तक नाही. एकानं उभं राहून गीताची एक ओळ एका दमात म्हणायची आणि बाकी सगळ्यांनी तीच ओळ उचलून, लांबवत लांबवत, डोंगराला ऐकू जाईल अशी गायची. मग पुढची ओळ. सव्वीस वर्षं ती ओळ एलिहू देत होता. तरुणपणी अकरा वर्षं कोळशाच्या खाणीत घालवूनही त्याचा आवाज खणखणीत राहिला होता. या वसंतात मात्र खोकला लागला तो लागलाच. खाणीकडच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं, धूळ बसलीय आत, आता बसलीय ती बसलीय. ओळ द्यायला एक अख्खा दम लागतो, आणि तो दमच खोकला मधोमध तोडत होता.

मिंटीला स्वतःला सूर म्हणून नव्हता. बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर बसून ती बेसूर झील धरायची आणि नवऱ्याच्या ओळीवर मान डोलवायची. शेवटच्या दिवसांत उशाला टेकून बसवलं की ती बोलायची.

"माज्या सभंला 'थंड ह्या पाण्यात पाऊल टाकते, हात दे' हेच म्हना. आन् ओळ तुमीच द्या. त्या कर्टिसला देऊ नगासा. रेड्यावानी रेकतोय मेला."

"तू बरी हुशील की गं."

"ते ऱ्हावू द्या. तुमी ओळ देनार का न्हाई, त्येवडं सांगा."

"दीन," तो म्हणाला होता. तिनं मागितलेलं ते शेवटचं, आणि दुसरं काही तिनं मागितलंही नाही.

गुऱ्हाळावर संध्याकाळच्या सुमारास एनॉक भाऊ आले. चर्चचे ते वडीलधारे, मनानं सरळ माणूस. बोलायला लागले की आधी टोपी काढायचे. त्यांनी टोपी काढली तेव्हाच एलिहू समजला.

"एलिहू, वंगाळ वाटून घीऊ नगंस. पर आमच्या कर्टिसला तयार ऱ्हायला सांगू का? सभंच्या आयतवारपातूर तुजा गळा न्हाई सुधारला तर..."

"सुधारंल."

"माज्या जावयाला फुडं काडायचं म्हनून म्हनत न्हाई रं."

"म्हाईत हाय, भाऊ. पर माजी बायकू हाय ती. तिला मी शबूद दिलाय. गळा फाटला तरी ओळ मीच देनार."

एवढं बोलेस्तोवर त्याला पुन्हा उबळ आली आणि तो काहिलीकडे पाठ करून वाकला. एनॉक भाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते निघून गेले.

एलिहूच्या मनात एक गोष्ट होती, ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. झऱ्यावरच्या दगडी खोपटात, दूध-लोणी गार ठेवायच्या फळीवर, मिंटीच्या हातची एक शेवटची बाटली होती. जंगली चेरीच्या उगवतीकडच्या अंगाची साल आणि सॉरवुडच्या फुलांचा मध. या दोन वस्तूंवर मिंटीनं अर्ध्या घळीची छाती जपली होती. ती बाटली एलिहूनं उन्हाळाभर राखून ठेवली. रात्र रात्र खोकून काढली, पण तिला हात लावला नाही. सभेच्या दिवशी तिचं गीत तिच्याच औषधावर म्हणायचं, असं त्यानं ठरवलं होतं. येड्या माणसाचं ठरवणं, दुसरं काय.

सभेला तीन दिवस उरले तेव्हा चाखून बघावी म्हणून त्यानं बूच काढलं. बूच फट्‌कन उडालं आणि फेस हातावर आला. वास आला तो आंबलेला, तिखट, नाकात चढणारा. खोपट गार असलं तरी उन्हाळाभरात मध आणि पाणी मिळून आतल्या आत आंबलं होतं. मिंटीचं औषध कधी टिकायचंच नाही. टिकावं म्हणून लोक त्यात दारू घालतात आणि मिंटी ती घालत नसे. तिच्या बापाची डोंगरात भट्टी होती. एका पहाटे तो दारूच्या बुधल्याच्या दोरीत मनगट अडकलेला असा ओढ्यात पालथा सापडला. तेव्हा मिंटी चौदा वर्षांची होती. लग्नाआधी तिनं एलिहूकडून एकच वचन घेतलं, थेंब शिवायचा नाही. चौतीस वर्षं त्यानं थेंब शिवला नव्हता.

आंबलेली बाटली त्यानं झऱ्याच्या खालच्या अंगाला ओतली. बाटली विसळून परत फळीवर ठेवली आणि तिथंच दगडावर बसून तो रडला. बाईमाणसासारखा रडला म्हणा, पण बघायला तिथं कुणी नव्हतं.

मग त्यानं सुरी घेतली, टेकडीवर गेला आणि उगवतीकडच्या अंगाची साल सोलून आणली. मिंटी सोलायची ती बघितलेली होतीच. घरी येऊन त्यानं ती कढईत घातली, वर मध ओतला, खाली जाळ लावला आणि तो आटवत बसला. तासभर आटवलं. बुडबुडे बघितले, जाळ ओढला, परत दिला. चमच्यावरून धार कशी पडते ते बघितलं. काळाभोर, चकचकीत पाक झाला. काहिलीवर असा पाक उतरला असता तर लोकांनी वाहवा केली असती.

शुक्रवारी सकाळी त्याची मेव्हणी डेल्फिया आली. मिंटीची धाकटी बहीण, नवरा खाणीत मेलेला, डोंगरापलीकडे एकटीच राहणारी. सभेच्या जेवणासाठी भाकऱ्या आणि गोडधोड करायला आली होती. दारातच तिनं नाक वर केलं.

"दाजी, काय जाळलंत वो?"

"आवशीद केलंय. तुज्या बहिनीचं."

तिनं कढईत बोट घातलं, चाटलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"साल उकळली व्हय? आवं, चेरीची साल उकळायची नसती! निसती गार पान्यात भिजत घालायची. उकळली की सत निगून जातं. ह्ये काय काकवी हाय का?"

एलिहू कढईकडे बघत राहिला. चौतीस वर्षं बायको त्याच्या डोळ्यांसमोर ते औषध करत होती. ती बरणी चुलीवर कधीच ठेवत नव्हती, खिडकीत ठेवत होती, हे त्याला आत्ता आठवलं. त्याचा हात ज्या कामात मुरलेला होता, त्याच कामानं त्याला बुडवलं होतं.

"मला वाटलं, आटवलं म्हंजे जोर येतोय त्येला," तो म्हणाला.

डेल्फिया हसायला लागली आणि हसता हसता झग्यावर कमरेला बांधलेल्या फडक्यानं डोळे पुसायला लागली. "ताई आसती तर तुमाला झाऱ्यानं हानलं आसतं."

"आसती तर आवशीद मी कशापायी केलं आसतं, डेल्फे?"

पीठ मळता मळता ती त्याचा खोकला ऐकत होती. दुपारपर्यंत तिनं अकरा वेळा मान वळवून त्याच्याकडे बघितलं असेल. जाताना ती उंबऱ्यात थांबली.

"आयतवारी सकाळी मी लौकर येते. कायतरी घिऊन येते. तवर ह्यो काळा राडा डुकरास्नी बी घालू नगा."

रविवारी उजाडलं तेव्हा डोंगर पिवळे-तांबडे झाले होते आणि घळीत धुकं भरलं होतं. धुक्यात एलिहूचा खोकला अधिकच वाढायचा. स्वच्छ सदरा घालून तो पायरीवर बसला होता, आणि एक ओळ म्हणून बघावी तर तिसऱ्या शब्दाला घसा दगा देत होता. "थंड ह्या पाण्यात" एवढंच निघायचं. पाऊल काही पुढं पडत नव्हतं.

डेल्फिया आली आणि तिनं शालीखालून एक चपटी बाटली काढली.

"सकाळी दोन चमचं, टेकडीवर चडल्याव दोन, आन् ओळ द्यायच्या आदी दोन."

"काय हाय ह्यात?"

"चेरीची साल. मध. खडीसाकर."

त्यानं बूच काढलं. वास त्याच्या ओळखीचा होता. मिंटीला मागणी घालायला तो तिच्या आईच्या घरी जायचा, तेव्हा हाच वास त्याच्या कोटाला लागून घरापर्यंत यायचा. मिंटी-डेल्फियाच्या आईचं औषध असंच असायचं, टिकाऊ, सालीचं सगळं सत ओढून घेणारं. डेल्फिया अंगणातल्या कोंबड्या मोजत असल्यासारखी तिकडे बघत उभी होती. बाटलीत आणखी काय आहे हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

त्यानं दोन चमचे घेतले.

घसा पेटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग छातीत कुठंतरी कित्येक महिने आवळलेली गाठ सैल पडली. तो खोकायची वाट बघत बसला. खोकला आलाच नाही. वचन मोडलं याचं दुःख त्याला तिथंच, पायरीवर बसल्या बसल्या झालं. पण गळा मोकळा झाल्याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि त्या आनंदाची त्याला लाजही वाटली.

टेकडीवरच्या दफनभूमीत फळ्यांचा मांडव होता. तिथं शंभरावर माणूस जमलं होतं. लांबच्या घळींतले लोक खेचरांवरून आले होते, बायांनी झाडांखाली टोपल्या मांडल्या होत्या. पहिला उपदेश झाला, दुसरा झाला. मिंटीनं कुणाकुणाची बाळंतपणं निभावली, कुणाच्या छातीला काय लावलं, हे उपदेशक सांगत होते आणि बाया हमसून रडत होत्या. एनॉक भाऊंनी एलिहूकडे बघितलं. त्यांच्या शेजारी कर्टिस घसा खाकरून तयारच बसला होता.

एलिहू मांडवाच्या मागं गेला, शेवटचे दोन चमचे घेतले आणि येऊन उभा राहिला.

"थंड ह्या पाण्यात पाऊल टाकते, हात दे..."

एका दमात. खोकला नाही, खरखर नाही. सव्वीस वर्षांपूर्वीचा आवाज. लोकांनी ओळ उचलली आणि लांबवली. शंभर गळे एकाच सुरावर चढले आणि उतरले, आणि तो सूर घळीपलीकडच्या डोंगरावर जाऊन परत आला. एलिहूनं दुसरी ओळ दिली, तिसरी दिली. चौथ्या ओळीला त्याचं लक्ष बायकांच्या बाजूच्या दुसऱ्या बाकाकडे गेलं. तिथं मान डोलवणारं कुणी नव्हतं. त्या क्षणी त्याला पुरतं कळलं की मिंटी मेली. आठ महिने त्यानं जे अंगाला लागू दिलं नव्हतं ते सगळं एकदम अंगावर आलं, तरी आवाज फुटला नाही. सातही कडवी त्यानं दिली. शेवटच्या ओळीला टॉल्बर्टसारखा टवाळ माणूसही टोपीत तोंड खुपसून रडत होता.

गीत संपलं की त्यांच्यात सगळे एकमेकांचे हात धरतात, गळ्यात पडतात. एनॉक भाऊंनी एलिहूला मिठी मारली, आणि मिठीतच त्यांचं अंग ताठ झालं. ते मागं सरले. त्यांनी एलिहूच्या तोंडाकडे बघितलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी त्याला कुंपणापाशी बोलावलं. टोपी हातातच होती.

"एलिहू, वास येतोय."

"व्हय."

"आज मी कायबी बोलत न्हाई. आज मिंटीचा दिस हाय. आन् आसं गीत मी हयातीत ऐकलं न्हाई, त्ये बी खरं. पर मीच एकटा न्हवतो तितं. फुडल्या सभंत इचारावं लागंल."

"इचारा की, भाऊ."

चर्चची सभा पुढच्या महिन्यात, शनिवारी, बंद दाराआड. त्यांच्यात दारूचा नियम कडक, आणि नियमातून सुटायची वाट मात्र सोपी. उभं राहायचं, चुकलो म्हणायचं, पस्तावा झाला म्हणायचं. सगळे उठून हात मिळवतात आणि विषय संपतो. टॉल्बर्ट आजवर चार वेळा असा उभा राहिला होता. चारही वेळा त्याला मनापासून पस्तावा झाला होता, आणि तो नव्या मक्याची दारू उतरेपर्यंत टिकला होता.

म्हणून त्या शनिवारी कुणाच्या जिवाला घोर नव्हता. एनॉक भाऊंनी तर प्रश्नच असा घातला की माणूस आपोआप सुटावा.

"एलिहू, त्या दिशी तुज्या आवशदात दारू व्हती. तुला त्ये ठावं न्हवतं. व्हय ना?"

एलिहू उठला. खोकला परत आला होताच. आवरेपर्यंत सगळे थांबले.

"ठावं व्हतं, भाऊ."

बायकांच्या बाजूनं डेल्फिया ताडकन उभी राहिली.

"म्या दिली! त्येंचा काय दोष न्हाई. म्या घातली, आन् म्या सांगितलं बी न्हाई. चुकले मी. ताईची आन, मला लई पस्तावा झालाय. मला माप करा." आणि ती मोठ्यानं रडायला लागली.

बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. एकेकीनं हात मिळवला, एनॉक भाऊंनीही मिळवला. डेल्फियाचा विषय तिथल्या तिथं मिटला.

"बग, एलिहू," एनॉक भाऊ मऊपणे म्हणाले. "तिनंच कबूल केलं."

"तिनं दिली, भाऊ. पर त्वांड माजं व्हतं. मला वासावरनं कळलं व्हतं. आन् कळूनशान मी घेतली."

"बरं, घेतली. पस्तावा झाला ना तुला?"

चर्चमध्ये सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणी निम्मं उठलंही होतं, हात मिळवायला. एलिहूनं मनात शोधून बघितलं, अगदी प्रामाणिकपणे शोधलं. वचन मोडल्याची बोच होती, ती रोज उठता-बसता टोचत होती. पण ते चमचे घेतले नसते तर ओळ कर्टिसनं दिली असती.

"वचन मोडलं त्येचं मला दुक हाय," तो म्हणाला. "पर घेतलं नसतं तर बरं झालं आसतं, आसं माज्यानं म्हनवत न्हाई. उद्या परत त्योच दिस आला तर मी परत घीन. मंग पस्तावा कसला? खोटं कसं बोलू, भाऊ? हितं, ह्या जागी?"

एनॉक भाऊंनी टोपी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी आणखी दोनदा विचारलं. एलिहू मान खाली घालून उभा राहिला. शेवटी नियमानं जे व्हायचं ते झालं. पस्तावा होईपर्यंत एलिहूनं मागं, दाराजवळच्या बाकावर, बाहेरच्या लोकांत बसायचं. ओळ कर्टिसनं द्यायची. हात वर करा म्हटल्यावर हात वर झाले. डेल्फियाचा झाला नाही, ती ओंजळीत तोंड घालून बसली होती.

बाहेर बारीक, गार पाऊस लागला होता. पानं सगळी गळून गेली होती आणि वाटेवर चिखल झाला होता. टॉल्बर्ट खेचर ओढत त्याच्या मागून आला.

"काय माणूस हाईस रं तू! एक शबूद बोलायचा व्हता. चुकलो! मी चार येळा बोललो, जीब झडली का माजी? सव्वीस वर्सांची जागा घालवलीस एका शबदापायी."

"घालवली."

"आन् मिंटी काय म्हनंल? ती बी रागावलीच आसंल की, दारू पेलास म्हनून."

"रागावली आसंल. लई रागावली आसंल," एलिहू म्हणाला. "तिचं नि माजं आमी बघून घीऊ, भेटल्याव."

"मंग म्हनायचंस की चुकलो! तिच्यासाटी तरी."

एलिहू थांबला. उबळ यायला लागली होती. कुंपणाच्या फळीला धरून त्यानं ती बरगड्यांत दाबायचा प्रयत्न केला, पण ती दबली नाही. पुष्कळ वेळ तो खोकला. टॉल्बर्ट खेचराची दोरी धरून पावसात भिजत उभा राहिला.

"टॉल्बर्ट," दम आल्यावर तो म्हणाला, "ती गेली तवा तिच्या पेटीत घालायला माज्यापाशी कायबी न्हवतं. त्येवडं एक गीत दिलं तिला. आता चुकलो म्हनलं म्हंजे त्ये माघारी मागून घेतल्यागत झालं. मेलेल्या बायकूला दिलेलं माघारी घेऊ व्हय रं?"

टॉल्बर्टनं खेचराची दोरी ओढली. दोघं वाटेला लागले, आणि घळ संपेपर्यंत एलिहूचा खोकला ऐकू येत राहिला.